नागपूरचं ऊन, गेकोचा टँक आणि तापमानाचं गणित

गेको, म्हणजे पाळायची परदेशी पाल, आणायचा ठरला की पहिली खरेदी सगळे एकच सांगतात: हीट मॅट, म्हणजे टँकच्या काचेच्या पेटीखाली लावायची विजेची गरम चटई. मीही आधी तीच घेतली. नोव्हेंबर होता. मॅट छान तापायची, माझा गेको गुलगुला तिच्यावर पोट टेकून पडून राहायचा, आणि मला वाटायचं, जमलं बुवा आपल्याला. मग मार्चच्या शेवटी एका दुपारी टँकच्या गार टोकाला ३४ अंश दिसले. थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापमान बघून मॅट चालू-बंद करणाऱ्या यंत्राचा, दिवा सकाळपासून विझलेला होता. म्हणजे त्यानं त्याचं काम चोख केलं होतं. थर्मोस्टॅट गरम करणं थांबवू शकतो, गार करणं त्याला येत नाही.

गेकोंबद्दल लिहिणारे बहुतेक जण थंड देशांतले असतात. त्यांची खोली बाराही महिने वीस-बावीस अंशांवर, त्यामुळे टँकमध्ये ऊब आणायची कशी एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न. आपल्या गावात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, आणि डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पहाटे तो ३.५ पर्यंत उतरलाही होता. इथे ऊब देणं हे दोन-अडीच महिन्यांचं काम, आणि तेही सोपं. जनावराला पळून जायला गार कोपरा कायम शिल्लक ठेवणं हे खरं काम. म्हणून या लेखाचा मोठा भाग उन्हाळ्यावरच आहे.

आधी जनावर कोणतं ते ठरवा

गुलगुला हा आफ्रिकन फॅट-टेल्ड गेको. पश्चिम आफ्रिकेतला, सेनेगलपासून कॅमेरूनपर्यंतच्या पट्ट्यातला. जाडजूड शेपटी, त्यात चरबीचा साठा, डोळ्यांना पापण्या. दिवसभर बिळात, रात्री बाहेर. उष्ण प्रदेशातला असला तरी त्याला आपला मे झेपतो असं समजू नका. तो रानातही दुपारी जमिनीखाली असतो आणि तिथली हवा गार, दमट असते.

नागपुरात पहिलाच गेको घेत असाल आणि घरात एसी नसेल, तर क्रेस्टेड गेको घेऊ नका असं मी स्पष्ट सांगते. तो न्यू कॅलेडोनियाचा. त्याला २२ ते २६ अंश लागतात आणि २८-२९ च्या वर तो आजारी पडायला लागतो. आपल्याकडे २८ म्हणजे मे महिन्यातली पहाट.

कायद्याचंही थोडक्यात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली, आणि साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतल्या परदेशी जाती पाळणाऱ्यांना केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडून जातीचं शास्त्रीय नाव असलेली पावती घ्या आणि वनविभागात विचारून खात्री करा. टोके गेको कोणी देऊ केला तर हात जोडून परत या. तो आपल्या ईशान्य भारतातला आहे आणि त्याची चोरटी विक्री चालते. लेपर्ड गेको हाही लोक पाळतात, आणि महाराष्ट्रातही रानात त्याची भावंडं आहेत. सातपुड्यातल्या जातीचं तर २०१४ मध्ये नव्यानं वर्णन झालं आणि तिला नावही सातपुड्याचंच मिळालं. रामटेक-पेंचकडे फिरायला गेल्यावर असं काही दिसलं तर फोटो काढावा आणि पुढे जावं.

किती अंश, आणि कुठे

"टँकचं तापमान किती ठेवायचं?" हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. टँकला एक तापमान नसतं, नसावंच. गेकोचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. पचवायचं असेल तेव्हा तो गरम जागी जातो, पुरे झालं की गार जागी येतो. आपण त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उतरतं तापमान द्यायचं, निवड तो करतो. फॅट-टेल्डसाठी मी राखते ते आकडे असे:

गरम बिळाची जमीन, म्हणजे पोट टेकतं तो पृष्ठभाग: ३१ ते ३२
मधला भाग: २८ च्या आसपास
गार टोक: २४ ते २६
रात्री सगळीकडे उतरलं तरी चालतं, पण २१ च्या खाली नको

यातला पहिला आकडा पचनासाठी आहे. पोटाखाली ऊब नसेल तर खाल्लेला किडा पोटात तसाच राहतो, सडतो, गेको तो ओकून टाकतो आणि हळूहळू खाणंच सोडतो. जिवाचा प्रश्न मात्र तिसऱ्या आकड्याचा आहे. गरम बीळ दोन अंशांनी कमी पडलं तर गेको आठवडाभर कुरकुरेल. गार टोक ३३-३४ वर गेलं तर त्याला जायला जागाच उरत नाही, आणि ३५ च्या वरच्या हवेत तो तासन्‌तास अडकला तर संपलंच. थंड देशातला माणूस गरम टोकाकडे बघून टँक लावतो. आपण गार टोकाकडे बघून लावायचा.

मोजायचं कशानं

मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान यंत्रानं ५६ अंश दाखवले होते ते आठवत असेल. देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानंच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तिथे असं होऊ शकतं, तर आपला काचेवर चिकटवायचा दीडशे रुपयांचा गोल काटेवाला थर्मामीटर काय घेऊन बसलात. तो फेकाच. तो काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतो, आणि तेही अंदाजानंच.

दोन वस्तू लागतात. एक, वायरच्या टोकाला प्रोब (तापमान मोजणारं टोक) असलेले दोन डिजिटल थर्मामीटर, त्यातला एक तरी दिवसाचं कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा. एक प्रोब गरम बिळाच्या जमिनीवर, दुसरा गार बिळात. दुसरी वस्तू म्हणजे पृष्ठभागाचं तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक. करोनाच्या काळात कपाळावर रोखायची ती चालत नाही. ती त्वचेवरून शरीराचं तापमान ताडून दाखवते, फरशीवर धरली की काहीही सांगते. कारखान्यात वापरतात ती घ्या. ती धरायची दगडावर, मातीवर, लाकडावर. चकचकीत स्टीलवर तिचे आकडे फसवे येतात, आणि काचेतून आरपार धरली तर ती काचच मोजते.

नवा प्रोब आणला की बर्फात तपासून घ्या. ग्लासभर बर्फाचा चुरा, तो जेमतेम भिजेल एवढं गार पाणी, नीट ढवळायचं आणि प्रोब मधोमध पाच मिनिटं. शून्य दिसायला हवं. १.२ दिसले तर तेवढी चूक कागदावर लिहून थर्मामीटरच्या पाठीला चिकटवा. माझ्या एका प्रोबवर अजून "१ वजा कर" अशी चिठ्ठी आहे.

टँकच्या आधी खोली

टँक आणण्याच्या आधी आठवडाभर नुसता थर्मामीटर घरात फिरवा. हे कंटाळवाणं वाटतं आणि म्हणून कोणी करत नाही. मी केलं नव्हतं, आणि टँक तीन वेळा हलवावा लागला.

आमचं घर सर्वांत वरच्या मजल्यावर. माझी समजूत होती की सगळ्यात वाईट वेळ दुपारी तीनची. थर्मामीटरनं सांगितलं, रात्री नऊ. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते संध्याकाळी खोलीत सोडायला लागतो. बाहेर वारा सुटलेला असतो, लोक गच्चीवर पाणी मारून अंथरुणं घालत असतात, आणि आत वरच्या खोलीत एप्रिलमध्ये ३७. पश्चिमेच्या भिंतीचंही तसंच. म्हणून टँकसाठी जागा निवडताना क्रम असा: तळमजला असेल तर तळमजला, नाहीतर घराच्या मधली खोली, तीही पूर्व किंवा उत्तरेची. भिंतीला चिकटून नको, चार बोटं जागा सोडा. आणि जमिनीपासून फार उंच नको. आमच्याकडे कपाटावरची हवा आणि फरशीजवळची हवा यांत मे महिन्यात तीन अंशांचा फरक निघाला. गुलगुला आता दीड फुटी स्टुलावर राहतो, तोही स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधल्या बोळात, जिथे कोणतीच बाहेरची भिंत नाही.

उन्हाची तिरीप टँकवर पडते का, हे प्रत्येक ऋतूत पुन्हा बघा. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडून तिरका येतो आणि जिथे वर्षभर ऊन नव्हतं तिथे फरशीवर चौकोन पडतो. काचेच्या बंद पेटीत ऊन शिरलं की ती थोड्याच वेळात भट्टी होते, मग बाहेर थंडी असली तरी.

टँकची मांडणी

एका मोठ्या गेकोला तीन फूट लांब, दीड फूट रुंद टँक घ्या. लहान टँक स्वस्त पडतो, पण दीड फुटात गरम आणि गार टोक वेगळं ठेवताच येत नाही, सगळा एकाच तापमानाला येतो. वरचं झाकण जाळीचं हवं. अख्ख्या काचेचं झाकण आपल्याकडे नकोच.

तीन बिळं: गरम टोकाला एक, गार टोकाला एक, मध्ये एक दमट. मधल्यात ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा मॉस (शेवाळ) भरायचं. फॅट-टेल्डला हवेत ५० ते ७० टक्के ओलावा लागतो आणि आपल्या एप्रिलमध्ये दुपारी तो १५ वर येतो. कोरड्या हवेत कात नीट सुटत नाही, बोटांवर तिची वळी राहतात आणि बोटं गळतात.

गार टोकाचं बीळ मात्र मी विकतचं ठेवलं नाही. कुंभाराकडून लहान मडकं आणलं, आडवं केलं, तोंडाची कड कानशीनं घासून गुळगुळीत केली आणि अर्धं कोकोपीटमध्ये पुरलं. मडक्याच्या पाठीवर रोज दोनदा पाणी शिंपडते. माठात पाणी गार होतं तसंच हे. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येतं, त्याची वाफ होते आणि जाताना ती ऊब घेऊन जाते. खोलीत ३४ असताना मडक्याच्या आत मला ३० मिळाले आहेत. हे चार अंश फुकटचे आहेत. अट एवढीच की मडकं बिनरंगाचं, बिनवार्निशचं हवं आणि झाकण जाळीचं, कारण आतली हवा दमट होऊन कोंडली तर वाफ होणंच थांबतं. दर उन्हाळ्यात मडकं नवं घ्या. आपल्या पाण्यातल्या क्षारांनी जुन्याची छिद्रं बुजतात, म्हणून तर जुन्या माठातलं पाणी गार होत नाही.

ऊब: मॅट आणि तिचा पहारेकरी

मॅट टँकच्या तळाला बाहेरून लावायची, आत नाही. तळाच्या एक तृतीयांश भागापुरती, एकाच टोकाला. टँकला चार कोपऱ्यांत रबरी बूच लावून तो बोटभर उचला, म्हणजे मॅटखाली हवा खेळेल. नाहीतर ऊब साचून काच तडकू शकते. मॅटच्या वर कोकोपीटचा जाड थर टाकू नका. तो गोधडीसारखं काम करतो, खाली मॅट तापत राहते आणि वर गेकोला काहीच मिळत नाही. तिथे शहाबादी फरशीचा पातळ तुकडा ठेवा, तोच गरम बिळाची जमीन होईल. गरम होणारे कृत्रिम दगड बाजारात मिळतात. ते घेऊ नका, त्यांनी पोटं भाजतात.

मॅट थेट प्लगमध्ये कधीही नाही. मध्ये थर्मोस्टॅट हवाच. सरीसृपांसाठीचे खास थर्मोस्टॅट महाग पडतात. अंडी उबवायच्या पेट्यांमध्ये वापरतात तो एसटीसी-१००० नावाचा कंट्रोलर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो आणि मॅटसाठी पुरेसा आहे. त्याची जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, कारण त्यात २३० व्होल्ट उघडे खेळतात. भाऊंना सांगायचं ते एवढं: १ आणि २ वर पुरवठा, ३ आणि ४ वर सेन्सर, ५ आणि ६ हे गरम करायचं स्विच, ७ आणि ८ हे गार करायचं. ५ ते ८ मधून आपोआप वीज येत नाही, ते नुसते स्विच आहेत, फेज त्यांतून फिरवून न्यावा लागतो. सगळं प्लॅस्टिकच्या बंद डब्यात.

सेटिंग: एफ-१ म्हणजे हवं ते तापमान, ते ३१.५. एफ-२ म्हणजे फरक, तो १. आता ३०.५ ला मॅट सुरू होईल, ३१.५ ला बंद. एफ-४ नं सेन्सरची चूक सुधारता येते, बर्फाची परीक्षा इथे कामाला येते. ७-८ चा स्विच बहुतेक लोक रिकामा सोडतात. मी त्यावर छोटा लाल इंडिकेटर लावून घेतला. जमीन ३२.५ च्या वर गेली की तो पेटतो आणि जाता-येता दिसतो.

या लाल दिव्यावरही आंधळा विश्वास नको. दुसऱ्या हिवाळ्यात गुलगुल्यानं उकरता उकरता सेन्सर फरशीवरून ओढून कोपऱ्यात नेला. सेन्सरला तिथली थंड हवा लागत होती, त्यामुळे कंट्रोलर मॅट तापवतच राहिला, आणि दिवा अर्थातच विझलेला. बंदूक धरली तर फरशी ४१. तो शहाणा, गार टोकाला जाऊन बसला होता. चूक सगळी माझी: सेन्सर कापडी टेपनं चिकटवला होता आणि ती टेप ओलाव्यानं सुटली. आता सेन्सर फरशीच्या तुकड्याला खालून खाच पाडून तीत सिलिकॉननं बसवला आहे, आणि शेजारी स्वतंत्र प्रोब आहे. कंट्रोलर आणि पहारा देणारा थर्मामीटर कधीही एकाच वायरवर नको.

उन्हाळा: तीन टप्पे

पहिला टप्पा मार्चपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. दिवसा खोली ३०-३२ वर असते, पहाट अजून बरी. मॅट आपोआप बहुतेक वेळ बंदच राहते. या दिवसांत मडकं, दोनदा पाणी, आणि दुपारी बारानंतर पडदे बंद. सकाळी सहाला खिडक्या उघडायच्या, नऊला लावून घ्यायच्या. आपल्या आज्या हेच करत होत्या.

दुसरा टप्पा एप्रिलच्या मध्यापासून नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, संपेपर्यंत. इथे कूलर. नागपूरकराला कूलर शिकवायची गरज नाही, पण गेकोसाठी त्याचं गणित समजून घ्या. कूलर हवेला जास्तीत जास्त जितकं गार करू शकतो ती मर्यादा हवेतल्या ओलाव्यावर ठरते. बाहेर ४४ अंश आणि ओलावा १५ टक्के असेल तर ही मर्यादा साधारण २३ अंश आहे. कूलर तिथपर्यंत पोचत नाही, पण खोलीत २७-२८ आणून देतो, वर ओलावाही वाढवतो. फॅट-टेल्डला याहून काय हवं. वाळ्याच्या टट्ट्या धुऊन ठेवा, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी, नाहीतर हवा कोंडते. कूलरचा झोत टँकवर सरळ नको, तो भिंतीवर आदळून यावा.

कूलरऐवजी एसी असेल तर २७ वर ठेवा. इथे एक गंमत होते. खोली २७ असली की टँकमध्ये ३१ ची जमीन कुठून येणार? मॅट पुन्हा चालू होते. माझ्या नवऱ्याला मे महिन्यात एसी आणि मॅट दोन्ही चालू दिसले तेव्हा त्यानं फक्त मीटरकडे बोट दाखवलं. पण हे बरोबरच आहे, मॅट कपाटात टाकू नका. एसीत हवा कोरडी होते, म्हणून मधलं दमट बीळ रोज तपासा.

तिसरा टप्पा फसवा आहे: जूनचा पहिला पंधरवडा. मृगाचे ढग दाटतात, पारा ३६ वर उतरतो आणि सगळे हुश्श करतात. पण ओलावा ६० टक्के झालेला असतो. आता कूलरची मर्यादाच २९ वर गेली. म्हणजे ४४ अंशांत २८ देणारा कूलर ३६ अंशांत जेमतेम ३१ देतो. मडक्याचंही तसंच, वाफ होत नाही. माझा गेको मे महिन्यात नाही, जूनमध्ये धापा टाकताना दिसला होता. या दोन आठवड्यांसाठी एसीची एक खोली, नाहीतर तळमजल्यावरच्या ओळखीच्या घरात टँकची सोय आधीच करून ठेवा.

पंख्याबद्दल बरेच जण विचारतात. कॉम्प्युटरचा छोटा पंखा झाकणावर बसवला तर? तो आतली हवा बाहेर आणि बाहेरची आत करतो, एवढंच. खोलीत ३८ असतील तर टँकमध्ये ३८ च येणार. ओल्या मडक्याच्या वर असेल तर वाफ लवकर व्हायला मदत होते, तेवढाच उपयोग.

लाईन गेली तर

उन्हाळ्यात लाईन जाते तेव्हा कूलर आणि एसी दोन्ही बंद. इन्व्हर्टरवर कूलर ओढत असेल तर उत्तम. नसेल तर फ्रीजरमध्ये अर्धा लिटरच्या दोन बाटल्या मार्चपासूनच गोठवून ठेवा. बाटली जाडसर कापडात गुंडाळायची आणि गार टोकाच्या वर, जाळीच्या झाकणावर ठेवायची. गार हवा जड, ती खाली उतरते. टँकच्या आत, अंगाला लागेल अशी बाटली नको. झाकणाच्या अर्ध्या भागावर पिळलेलं ओलं फडकं, उरलेला अर्धा उघडा.

तासाभरानंही गार टोक ३३ च्या खाली येत नसेल तर टँकचा नाद सोडा. गेकोला भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओलसर टिश्यूवर ठेवा आणि डबा घरातल्या सगळ्यात गार फरशीवर न्या. आमच्याकडे ती न्हाणीघराची आहे. त्याला गार पाण्यात बुडवू नका, धक्का बसतो.

ओळखायचं कसं? रात्रीचं जनावर भरदुपारी बाहेर येऊन काचेवर चढायला बघतंय, तोंड उघडं आहे, अंग फरशीला सपाट पसरून पडलंय: गरम होतंय. अंग सैल पडलं, हात लावला तरी हालचाल नाही, तर थांबू नका, डॉक्टर. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण सरीसृप तपासणारे डॉक्टर तिथे किंवा गावात कोण आहेत, कधी भेटतात, हे जनावर आजारी पडायच्या आधी फोन करून विचारून ठेवा. मे महिन्याच्या दुपारी शोधायला निघू नका.

उष्म्याच्या दिवसांत खाणं कमी द्या आणि रात्री उशिरा द्या. थंडीत मॅट बंद पडली असेल तर अजिबात देऊ नका.

पावसाळा आणि हिवाळा

पावसाळ्यात फारसं काही करावं लागत नाही. खोली २६ ते ३०, ओलावा भरपूर. दमट बिळाला बुरशी येते ते बघा, पाणी शिंपडणं थांबवा. ऑक्टोबरचा उकाडा म्हणजे पहिल्या टप्प्याची उजळणी, महिनाभर मडकं परत.

हिवाळ्यात बाहेर पहाटे १०-१२ असतात तेव्हा आमच्या बोळात १८. मॅट जमीन तापवते, हवा नाही. टँकच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून इंचभर थर्मोकोल लावला की रात्री दोन-तीन अंश वाचतात. झाकण बंद करू नका. तरीही गार टोक २१ च्या खाली जात असेल तर सिरॅमिक हीटर, तो प्रकाश देत नाही म्हणून रात्री चालतो. त्याला चिनी मातीचाच होल्डर हवा, प्लॅस्टिकचा वितळतो, भोवती तारेची जाळी हवी, आणि तोही थर्मोस्टॅटवरच. लाल बल्ब रात्रभर लावू नका. पहाटे लाईन गेली तर शेकायची रबरी पिशवी कोमट पाण्यानं भरून गरम टोकाच्या काचेला बाहेरून टेकवा आणि वरून शाल.

गावाला जाताना

आपण नसताना टँक दुसऱ्या कोणाच्या हाती येतो, तेव्हा हे सगळं सांगून उपयोग नाही. मी फ्रिजवर एक कागद लावून जाते. त्यावर दोनच गोष्टी असतात. गार बाजूच्या थर्मामीटरवर ३१ दिसले तर मडक्यावर पाणी घाल आणि कूलर लाव. ३३ दिसले तर झाकणावर बाटली ठेव आणि मला फोन कर. बाकी बटणांना हात नको.

माझी आजी, जिनं पहिल्या दिवशी "काहून वं, घरात पाली कमी पडल्या काय, तर इकत आणली?" म्हणून तोंड फिरवलं होतं, तीच आता हा पहारा देते. मागच्या मे महिन्यात आम्ही अमरावतीला लग्नाला होतो. अक्षता पडत असताना फोन वाजला.

"तुह्या पालीचा आकडा बत्तीस होता. म्या पानी टाकलं, आता एकोणतीस हाय. जेवून घे."

बाटलीची गरज पडलीच नाही.